चुन्याचे चौदा हात

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी फोन करायचा, ही दिगंबर उपळेकरांची सतरा वर्षांची रीत होती. खडकोली नगरपरिषदेचे ते कार्यस्थळ निरीक्षक. गावात रांगोळीच्या गिरण्या लहानमोठ्या मिळून दोनशे बारा, आणि प्रत्येक गिरणीवाल्याला त्यांचा आवाज पाठ. "उपळेकर बोलतोय. उद्या अकराच्या सुमाराला येतो हं." बस, एवढंच. पलीकडून "या की साहेब, चहा टाकून ठेवतो" असं उत्तर आलं की फोन बंद.

आता तुम्ही म्हणाल, सांगून केलेली तपासणी ती कसली तपासणी! पण तसं तोंडावर म्हणणारा त्यांना कुणी भेटला नव्हता. आणि भेटला असता तर त्याला काय सांगायचं हेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. ते पुढे येईलच.

माणूस तसा सरळ. चहापलीकडे कुणाचं काही घेतलं नाही. दिवाळीला गिरणीवाले रांगोळीचा एकेक डबा पाठवायचे, तेवढा मात्र घ्यायचे, कारण तो परत पाठवला तर अख्खं गाव रुसायचं. त्या डब्यांतली रांगोळी त्यांची बायको सुजाता वर्षभर दारात घालायची. दोन हजार पन्नास साल उजाडलं, दगडाचे टेम्पो चालकाशिवाय डोंगर चढायला लागले, पण दारातली रांगोळी काही कुणी सोडली नाही आणि खडकोलीच्या गिरण्याही बंद पडल्या नाहीत. उपळेकरांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती आणि ते थकले होते. झोप काढून जाणारा थकवा नव्हता तो. दोनशे बारा जिने, दोनशे बारा चहा आणि शेवटी दोनशे बारा वेळा तेच एक वाक्य: 'हवा योग्य मर्यादेत आढळली.'

तशात टोच्या आला.

कागदोपत्री त्याचं नाव 'स्तरवाचक'. पण भिंतीला टोचून बघतो म्हणून नगरपरिषदेतल्या शिपायांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. शिलाई मशीनच्या डोक्याएवढा डबा, पुढे बोटभर लांबीची नळी. शिकवायला पुण्याहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. त्यांनी नळी भिंतीला टेकवली, बटण दाबलं, आणि समजावून सांगायला लागल्या.

"रांगोळीच्या गिरणीत भिंतीला दरवर्षी चुना देतात ना, नवरात्राच्या आधी?"

"देतात की," उपळेकर म्हणाले. "ऑइलपेंट तिथे टिकतच नाही."

"तेच आपलं काम सोपं करतं. चुन्याचा हात दिला की तो हवेत वाळून कडक होतो. मग वर्षभर हवेतली धूळ त्याच्यावर बसते. जाड धूळ खाली जमिनीवर पडते, तिचं फारसं काही नाही, झाडू मारला की गेली. पण अगदी बारीक धूळ, जी नाकात अडकत नाही आणि थेट छातीत उतरते, ती उभ्या भिंतीला चिकटून राहते. पुढच्या नवरात्रात तिच्यावर नवा हात बसतो. धूळ आत कोंडली गेली. चुना, धूळ, चुना, धूळ. एक थर म्हणजे एक वर्ष."

मग नळीतून सुईच्या टोकाएवढा प्रकाशाचा झटका निघतो, आणि प्रत्येक झटक्याला भिंतीचा केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा पापुद्रा जळून त्याची वाफ होते. ती वाफ क्षणभर चमकते. चुन्याची चमक वेगळी, गारगोटीच्या धुळीची वेगळी. डोळ्यांना दोन्ही पांढरेफटक, पण यंत्राला त्यांच्यात दिवसरात्रीचा फरक दिसतो. असे हजारभर झटके देत टोच्या आत आत जातो आणि कुठल्या वर्षी गिरणीच्या हवेत किती धूळ होती ते कागदावर काढून देतो. भिंतीला पडणारं भोक मोहरीच्या दाण्याएवढं.

नमुना म्हणून बाईंनी नगरपरिषदेच्याच सभागृहाची भिंत वाचली. दप्तरात त्या भिंतीची रंगरंगोटी नऊ वेळा झाली होती. टोच्याला थर सापडले दोन. मुख्याधिकारी धायगुडे मॅडमनी घड्याळाकडे पाहून प्रात्यक्षिक तिथेच आटोपतं घेतलं. शिपाई मात्र आठवडाभर हसत होते.

उपळेकरही हसले. मग दोन दिवसांनी टोच्याचं पहिलं प्रकरण टेबलावर आलं, तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

अर्जदार: सानिका गेजगे, वय चौतीस. मगदूम यांच्या गिरणीत चौदा वर्षं कामाला, तीन वर्षांपूर्वी काम सुटलं. आजार: धुळीने फुप्फुसं दगडावल्यासारखी होतात, तो. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात आता फुप्फुसं धुऊन वर नवं औषध सोडण्याचा उपचार निघाला होता. वेळेत झाला तर माणूस पुढची पंधरा-वीस वर्षं काढतो. पण खाटा मोजक्या. ज्यांचा आजार कामाच्या जागी झाला असं सिद्ध होईल, त्यांनाच त्या यादीत घ्यायचं ठरलं होतं. यादी शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि पुढची दीड वर्षाने निघणार होती. डॉक्टरांनी शेरा मारला होता: 'रुग्ण दीड वर्ष थांबू शकणार नाही.'

सानिकाचा अर्ज यादी ठरवणाऱ्या समितीने एकदा फेटाळला होता; आता भिंतीचं वाचन पाहून फेरविचार होणार होता. फेटाळताना कारण दिलं होतं: 'सदर गिरणीतील हवा चौदाही वर्षे योग्य असल्याचे दाखले उपलब्ध आहेत.' सोबत चौदा दाखल्यांच्या प्रती जोडल्या होत्या. तेरांवर उपळेकरांची सही. एकावर दुसऱ्या कुणाची तरी, कारण त्या वर्षी ते काविळीने आठ महिने अंथरुणावर होते आणि दुसऱ्या तालुक्यातून बदली माणूस आला होता.

उपळेकरांनी तेराच्या तेरा सह्या एकेक करून पाहिल्या. पहिल्या सहीत 'उ'ला ऐटदार शेपूट होतं. शेवटच्या सहीत नुसती रेघ.

आणि सानिका गेजगे हे नाव त्यांना चांगलंच माहीत होतं. त्या फोनच्या रिवाजामागे तीच तर होती.

सतरा वर्षांपूर्वी छोट्या गिरण्यांची तपासणी नगरपरिषदेकडे आली, तेव्हा उपळेकर नवे होते, जोशात होते. मगदूमच्या गिरणीवर त्यांनी न सांगता धाड घातली. आतून कुणीतरी ओरडलं, "साहेब आले, पळा!" आणि कमी वयाच्या पोरी मागच्या खिडकीतून पटापट उड्या मारायला लागल्या. सतरा वर्षांची सानिका दगडाच्या ढिगावर पडली. घोटा मोडला. उपळेकरांनीच तिला उचलून नगरपरिषदेच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. वाटेत ती रडत एकच गोष्ट म्हणत होती, "साहेब, मला कामावरनं काढू नका." पाय शेवटपर्यंत सरळ झाला नाही. ती लंगडतच मोठी झाली, लंगडतच तिचं लग्न झालं.

त्या दिवशी घरी येऊन उपळेकरांनी ठरवलं, पुन्हा अशी धाड नको. आधी कळवायचं. कुणाची तारांबळ नको, कुणाचा पाय मोडायला नको. हेच ते मनाशी ठरवलेलं उत्तर. त्यात खोटं काहीच नव्हतं.

फोन गेला की मगदूमकडे काय काय व्हायचं, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? दोन चक्क्यांपैकी एक बंद. जमिनीवर पाण्याचा शिडकावा. कमी वयाच्या पोरी घरी. मोठ्या बायकांच्या तोंडाला मास्क, अगदी कोरे, घडीसुद्धा न मोडलेले. आणि लंगडत लंगडत चहा घेऊन येणारी सानिका. "साहेब, साखर कमीच टाकलीय." उपळेकर चहा प्यायचे, हवा मोजायचे, आणि हवा योग्यच असायची. मोजमापात त्यांनी कधी एका आकड्याचीही लबाडी केली नाही.

*

सोमवारी दुपारी त्यांनी टोच्या गाडीत ठेवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मगदूमकडे जायचं होतं. खुर्चीत बसले, फाइल मिटली, आणि हात आपसूक फोनकडे गेला.

क्षणभर त्यांच्या मनात आलं, नको. पण मग दुसरंच आलं. सतरा वर्षांची ओळख, आता शेवटच्या सात महिन्यांत चोरपावलांनी जायचं? शिवाय भिंत काय पळून जाणार आहे? चक्की बंद करता येते, पाणी मारता येतं, पण भिंतीला कोण काय करणार?

"उपळेकर बोलतोय. उद्या अकराला येतो हं."

पलीकडून मगदूमने विचारलं, "ते नवं यंत्र घेऊन, साहेब?"

"हो."

"या की. चहा टाकून ठेवतो."

मंगळवारी अकराला उपळेकर गिरणीत शिरले आणि त्यांना पहिल्यांदा जाणवला तो वास. ओल्या सिमेंटचा. चारही भिंती विटांपर्यंत खरवडून काढल्या होत्या आणि वर ताजा गिलावा ओढला होता. काही ठिकाणी अजून पाणी निथळत होतं. गवंडी नुकतेच गेले असावेत, कारण त्यांची एक थापी तिथेच राहिली होती. एका कोपऱ्यात नवरात्राचे घट बसले होते, पुढे लाल पडदा, आत समईचा उजेड. बाकी सगळीकडे करडं, ओलं, नवंकोरं.

"ओल धरली होती फार," मगदूम म्हणाला. जयसिंग मगदूम, साठीचा, गळ्यात माळ, बोलायला गोड. "म्हटलं, साहेब येणार, जरा नीटनेटकं दिसावं."

उपळेकरांनी टोच्याचा डबा उघडलाच नाही. चहा आला. एक नवीनच मुलगी घेऊन आली होती. चहात साखर भरपूर होती. त्यांनी तो संपवला, का कोण जाणे.

दुपारी धायगुडे मॅडमनी बोलावून घेतलं. त्याही दमलेल्याच होत्या. त्यांच्या टेबलावर पाणीपुरवठ्याच्या फाइलींचा ढीग होता.

"भिंत गेली म्हणे," त्या म्हणाल्या.

"गेली."

"मग तसंच लिहा. 'भिंत उपलब्ध नाही.' मी सही करते, विषय संपला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उपळेकर, अहवालाचा नववा रकाना वाचलात का तुम्ही? 'त्या वर्षी हवा योग्य असल्याचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव.' प्रत्येक वर्षापुढे लिहायचंय. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल तुमची. सात महिन्यांसाठी कशाला हे दुखणं ओढवून घेता?"

त्या वाईट बाई नव्हत्या. खरोखर काळजीनेच बोलत होत्या.

घरी आल्यावर उपळेकरांनी सुजाताला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून तिने विचारलं, "म्हणजे फोन केलात तुम्ही?"

"नेहमी करतो."

"नेहमी करता ते माहितीय मला. या वेळी का केलात?"

सुजाताने पुन्हा जुडी उचलली. "त्या पोरीला जाऊन सांगा तरी," ती म्हणाली. "कागद पाठवून नका कळवू. स्वतः जा."

*

सानिकाचं घर डोंगराच्या कडेला, दोन खोल्यांचं. नवरा टेम्पोच्या अड्ड्यावर कामाला, मुलगी शाळेत. बुधवारी उपळेकर गेले तेव्हा ती दाराशी खुर्चीत बसली होती, पाठीला उशी, शेजारी प्राणवायूचं छोटं यंत्र घुरघुरत होतं. चौतीस वर्षांची बाई, पण एक वाक्य बोलायला दोनदा दम घ्यायची. उपळेकरांनी तिला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांना आपण उभे आहोत की बसलो आहोत हेच काही वेळ कळेना.

"या साहेब," ती म्हणाली. "नवऱ्यानं सांगितलं, येणार म्हणून. चहा थर्मासात ठेवलाय त्यानं. घ्या."

हो, इथे येण्याआधीही त्यांनी फोन केला होता.

त्यांनी झालं ते सांगितलं. आडपडदा न ठेवता, अगदी आपल्या फोनसकट. ती ऐकत होती. रागावेल, रडेल, दोन शब्द सुनावेल, म्हणून ते वाट बघत बसले. तिच्याकडे रागावण्याइतका श्वासच नव्हता.

"तुमचा फोन आला की," ती थांबून थांबून म्हणाली, "शेट म्हणायचा, पोरींनो, उद्या दिवाळी. एक चक्की बंद असायची न्हवं. त्या दिवशी आमाला खोकला यायचा न्हाई. आमी वाट बघायचो तुमची. म्हणायचो, साहेब रोज आलं तर किती बरं हुईल."

उपळेकर जमिनीकडे बघत राहिले. सतरा वर्षांत त्यांना कुणी इतकं बोललं नव्हतं, आणि तिला तर त्यांना बोलायचंही नव्हतं, ती नुसतं जे होतं ते सांगत होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, सरळ, साधी, भर दिवसा वाटते तशी लाज.

"मला माफ कर," ते म्हणाले.

"असू द्या." तिने दम घेतला. मग एकदम विचारलं, "साहेब, घट बसलेत न्हवं गिरणीत?"

"बसलेत. कोपऱ्यात पडदा होता."

"मग शेटनं देवळी खरवडली नसंल."

उपळेकरांनी मान वर केली.

"घट बसल्यावर ती जागा हलवत न्हाईत. त्याच्या आईनं शपथ घातलेली. गवंड्याला तिथं हातसुद्धा लावू द्यायचा न्हाई तो." बोलता बोलता तिचे डोळे जरा चमकले. "देवळीला चुना मीच द्यायची. दरवर्षी. शेट म्हणायचा, देवाची जागा बाईमाणसानं करावी. चुन्यात डिंक, नीळ, मीठ, सगळं माज्याच हातचं. चौदा हात दिल्यात, साहेब. आणि मी बसायची कुठं, ठावं हाय? त्या देवळीखालीच. पुड्या भरायला."

*

गुरुवारी उपळेकरांनी रजा टाकली. दिवसभर घरात बसून राहिले. पेन्शनचा विचार आला, सुजाताच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा आला, गावात पुढची वीस वर्षं कुठल्या तोंडाने हिंडायचं याचाही आला. ते काही देवमाणूस नव्हते. दुपारी मगदूमचाच फोन आला.

"साहेब, तपासणी झाली न्हवं आता? का परत येणार हाय?"

खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत घट हलले असते, शपथ गेली खड्ड्यात म्हणून. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "प्रकृती बरी नाही हो माझी," ते म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी ते गाडीत टोच्या घालून निघाले. तीनदा हात खिशातल्या फोनकडे गेला. सतरा वर्षांची सवय, हात बिचारा काय करणार! शेवटी त्यांनी फोन बंद करून गाडीच्या कप्प्यात टाकला.

गिरणीचं दार ढकललं आणि आतून पांढरा ढग अंगावर आला. दोन्ही चक्क्या घडघडत होत्या. समोरचा माणूस दिसत नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झालेल्या सात-आठ बायका, तोंडाला पदर बांधून पुड्या भरत होत्या. कुणाच्याही तोंडावर मास्क नव्हता. उपळेकरांना खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. सतरा वर्षांत ते या गिरणीत पंधरा-सोळा वेळा आले असतील. गिरणी आज त्यांनी दुसऱ्यांदा पाहिली.

"चक्क्या बंद करा!" ते ओरडले. "आणि कुणी पळू नका. कुणाला काही होणार नाही. बसा जागेवर."

चक्क्या थांबल्या. धूळ हळूहळू खाली बसायला लागली, पण ती बारीक धूळ बसत नव्हती, उजेडाच्या तिरिपेत तशीच तरंगत होती. मगदूम आतल्या खोलीतून धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. घरच्या माणसाने दगा दिल्यावर दिसतं तसं.

"साहेब, फोन नाही केलात?"

"नाही केला."

उपळेकरांनी चपला काढल्या आणि डबा घेऊन कोपऱ्याकडे गेले. मगदूम आडवा झाला. "तिथं घट हाईत. देव उठल्याशिवाय..."

"घटाला मी बोटही लावत नाही, जयसिंगराव. बाजूच्या चुन्याला एक भोक पडेल, मोहरीएवढं. तुम्ही स्वतः पडदा धरा."

काय वाटलं कोण जाणे, मगदूमने पडदा धरला. आत समई तेवत होती, घटावर धान्याचे कोंब बोटभर वाढले होते. देवळीच्या कडेला वीतभर जुना चुना शाबूत होता, निळसर झाक असलेला. उपळेकरांनी नळी टेकवली. टक, टक, टक. प्रकाशाचे बारीक ठिपके. वीस मिनिटं मगदूम पडदा धरून उभा होता.

मग कागद बाहेर यायला लागला. वरचे तीन थर सानिकाने काम सोडल्यानंतरचे. ते सोडून खालचे चौदा. पहिल्या वर्षी धूळ मर्यादेच्या पाचपट. दुसऱ्या वर्षी सहापट. सहापट. सातपट. उपळेकर चष्मा वर करून एकेक वर्ष वाचत होते आणि एके ठिकाणी त्यांचं बोट अडलं. आठवं वर्ष. तिथे धूळ मर्यादेच्या आत होती. पूर्ण वर्षभर. नवव्या वर्षी पुन्हा सहापट.

त्यांना आधी यंत्रच चुकलं असं वाटलं. मग त्यांनी बोटांवर वर्षं मोजली.

"हे काविळीचं वर्ष," ते स्वतःशीच म्हणाले.

मगदूम त्यांच्या खांद्यावरून बघत होता. "तो बदली आला होता त्या वर्षीचं?" त्याने विचारलं. "अवो, तो लई खडूस माणूस. कवा येईल नेम न्हाई. एकदा सकाळी सातला, एकदा भर जेवणाच्या टायमाला. मी भाड्यानं धूळ ओढायचा पंखाच आणून बसवला होता. वर्षभर ठेवला."

"मग काढलात का?"

मगदूमने पडदा सोडला. "तुमी बरं होऊन आलासा न्हवं. तुमचा फोन आला. मग कशाला ठेवायचा?" आणि मग, पहिल्यांदाच गोडवा बाजूला ठेवून तो म्हणाला, "साहेब, माझं चुकलंच. मी न्हाई म्हणत न्हाई. पण तुमी एकदा, एकदा जरी न सांगता आला असता, तरी तो पंखा आज हितं असता. हे बी लिवा तुमच्या कागदात."

उपळेकरांनी कागदाची घडी केली. मनाशी ठरवून ठेवलेलं उत्तर होतं ना, ते आता कामाचं राहिलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी या बायकांचे पाय वाचवले होते.

गिरणीला टाळं ठोकायची नोटीस त्यांनी तिथेच उभ्याने लिहिली. बायका अंगावरची धूळ झटकत बाहेर पडल्या. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "साहेब, आता आमी काय करायचं?" धूळ ओढायचा पंखा बसला की टाळं निघेल, एवढंच ते म्हणू शकले.

कचेरीत येऊन त्यांनी अहवाल भरायला घेतला. आठ रकाने यंत्राने स्वतःच भरले होते. नववा हाताने भरायचा होता. पहिलं वर्ष, दिगंबर उपळेकर. दुसरं वर्ष, दिगंबर उपळेकर. 'वरीलप्रमाणे' लिहून भागलं असतं, पण त्यांनी प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहिलं. आठव्या वर्षापुढे बदली माणसाचं नाव लिहायचं होतं आणि ते त्यांना आठवेना. दाखल्याच्या प्रतीवर शोधून काढलं: गणपत सुतार. सगळ्या जिल्ह्यात भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध झालेला आणि दर वर्षाला बदली झालेला माणूस. त्याचं नाव त्यांनी जरा जपून लिहिलं.

धायगुडे मॅडमनी अहवाल पाहिला, उपळेकरांकडे पाहिलं, आणि सही केली. पाच वाजून दहा मिनिटांनी तो समितीकडे गेला. साडेपाचला उत्तर आलं: गेजगे, सानिका, यादीत समाविष्ट, सोमवारी दाखल व्हावे. त्याच्याखाली दुसरी ओळ होती: निरीक्षक उपळेकर यांच्याबाबत स्वतंत्र चौकशी प्रस्तावित.

उपळेकरांनी दोन्ही ओळी वाचल्या. फोन अजून गाडीच्या कप्प्यातच होता. तो न काढता त्यांनी गाडी डोंगराकडे वळवली.

सानिका आत कॉटवर होती. नवरा अजून आला नव्हता, मुलगी ओट्यावर अभ्यास करत होती. ते दारात उभे राहिले तेव्हा ती दचकली, उठायला लागली, पदर सारखा करायला लागली.

"उठू नकोस," ते म्हणाले. "झालं काम. सोमवारी जायचंय तुला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आवाज न करता, कारण रडायलाही श्वास लागतो. उपळेकर कॉटजवळच्या स्टुलावर बसले.

डोळे पुसून झाल्यावर ती ओशाळून घराकडे बघायला लागली. पसरलेली भांडी, रिकामा थर्मास.

"आधी कळवायचं की, साहेब," ती म्हणाली. "चहा टाकून ठेवला असता."

उपळेकर उठले. शर्टाच्या बाह्यांवर अजून गिरणीची पांढरी धूळ होती. त्या त्यांनी दुमडल्या आणि शेगडीपाशी जाऊन चहाचं भांडं शोधायला लागले.

"साखर किती घेतेस तू?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत ते त्यांना माहीतच नव्हतं.